सबनीस सरांची हळद

सबनीस सर चहाचा कप उचलण्याआधी स्वतःचे तळहात निरखतात. मग समोरच्याचे. "हात दाखवा," हे त्यांचे ओळखीचे पहिले वाक्य. ते पनवेलजवळ विचुंब्यात आमच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा विमानतळाची नुसती चर्चा होती. तळमजल्यावरच्या काकूंनी भक्तिभावाने हात पुढे केला आणि विचारले, "मुलाला नोकरी कधी लागेल?"

सरांनी हात उलटसुलट करून पाहिला. "आधी नखं कापा."

निवृत्तीपूर्वी ते एका अणुकेंद्रात होते. किरणोत्सारी धूळ किंवा द्रव सांडला, की ती खोली किंवा जमीन पुन्हा वापरण्याजोगी करायची, हे त्यांच्या तुकडीचे काम. निवृत्तीनंतर पनवेलच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना ते हेच शिकवू लागले. या कामाला मरण नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पालक धास्तावून विचारायला येत. सर सांगत, "वीज आज वापरून संपते. तिच्यामागची साफसफाई तुमच्या नातवंडांनाही पुरेल. निर्धास्त पाठवा."

मी वर्तमानपत्रासाठी त्यांचा वर्ग पाहायला गेलो. खरी किरणोत्सारी धूळ वर्गात आणता येत नाही, म्हणून सर हळद आणत. परीक्षेच्या दिवशी खोलीभर हळद उधळलेली असे. विद्यार्थ्याने पांढरा अंगरखा आणि हातमोजे घालून आत जायचे, खोली पुसायची आणि बाहेर येऊन हे सगळे अशा बेताने उतरवायचे, की अंगावर पिवळा कण दिसता कामा नये.

त्या दिवशी चिरनेरची दर्शना आत गेली. फडक्याची वापरलेली बाजू तिने पुन्हा वापरली नाही. हातमोजे उलटे करत उतरवले. हात स्वच्छ होते. ती विजयी चेहऱ्याने उभी राहिली.

"दर्शना, नाक."

नाकाचा शेंडा पिवळा होता.

"सर, खाज सुटली व्हती. मानसानं करायचं तरी काय?"

"सहन. पगार त्याचाच मिळतो. नापास."

पुढच्या खेपेला ती पास झाली. सरांकडे रडून गुण मिळत नसत.

त्यांची मुलगी मंजिरी लग्न करून बेलपाड्याला जायची होती. सासरची माणसे हळद लग्नापेक्षा मोठी करणारी. त्यांच्या आग्रहाने विचुंब्यातही मांडव पडला. आदल्या दिवशी मंजिरी पत्रिका द्यायला आली आणि सहज बोलावे तसे बोलली.

"काका, बाबा उद्या लांबच उभे राहतील बघा. मला उचललं ते आईनंच. बाबांनी जवळ घेतल्याचं मला एकदाही आठवत नाही."

मी हे सरांना विचारले. त्यांनी साक्ष दिल्यासारखे उत्तर दिले.

"केंद्रातून निघताना रोज तपासणी व्हायची. यंत्र म्हणायचं, स्वच्छ. मला पटायचं नाही. घरी येऊन आंघोळ करायचो, नखं बघायचो, पुन्हा आंघोळ. तोवर ती झोपलेली असायची. पुढे ती मोठी झाली."

"आणि उद्या?"

"उद्या हळद तिची आई लावेल."

हळदीला त्यांचे सगळे विद्यार्थी आले. सर मांडवाच्या कडेला उभे होते, हात पाठीमागे. आई झाली, मावश्या झाल्या, सासरची माणसे झाली. मंजिरी ओरडली, "बाबा, या ना!"

सर एक पाऊल मागे सरले. मागे दर्शना उभी होती. ती हलली नाही.

"सर, वर्गान नाय आपन. आज हलदच हाय ती."

सर पुढे गेले. वाटीत एक बोट बुडवून त्यांनी ते मुलीच्या गालाला टेकवले, नमुना घेतात तसे. मग बोट काढून पाहिले. मग संपूर्ण तळहात वाटीत घातला आणि तिच्या गालावर ठेवला. मंजिरीने तो आपल्या हाताने दाबून धरला. बेंजो वाजत होता. त्यांच्यात काही बोलणे झाले असले तर ते कोणाला ऐकू आले नाही.

जेवणाआधी सर नळाशी दिसले. पाणी सुरू होते आणि ते तळहाताकडे बघत होते. दर्शना शेजारी येऊन उभी राहिली.

"सर, हात दाखवा."

सरांनी हात पुढे केला. मनगटापर्यंत पिवळा.

"नापास हाव, सर."

"बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने नळ बंद केला.