हंड्याची बाधा

परसातला नळाचा पाइप फुटला होता. प्लंबर कशाला हवा, म्हणून शिंप्याने स्वतःच कुदळ उचलली आणि दुसऱ्याच घावाला ती ठण्णकन एका हंड्यावर आदळली. झाकण उचकटल्याबरोबर काळ्या बुरशीचा भपकारा आला. शिंपी लागोपाठ शिंकला, पण एकदाही डोळे मिटायला तयार होईना. आत नाणीच नाणी होती, हिरव्या गंजाने माखलेली!

शिंप्याची जन्माची खोड अशी, की हात गुंतले की वस्तू ओठांत धरायची. टाचण्या तो दिवसभर तशाच धरायचा. दोन्ही हातांनी हंडा उपसताना त्याने निवडक मोठी नाणी सवयीने ओठांत धरली, वर एकदोन चाटून लखलखीतही केली.

थोड्याच वेळात ओठ सुजून टम्म झाले, हातांवर चट्टे उठले आणि वाचाच बसली.

"अगंबाई! हे काय झालं हो तुम्हाला?" बायको किंचाळली.

शिंप्याने फुगलेली बोटं तिच्यापुढे नाचवली. त्या बोटांत आता सुई धरता येणार नव्हती आणि सुईवर तर घर चालत होतं. बायकोने हंडा पुन्हा खड्ड्यात ढकलला, वर माती लोटली आणि नवऱ्याला घेऊन दवाखाना गाठला.

"खरं सांगायचं नाही हं," तिने वाटेत बजावलं. "सगळं सरकारजमा होईल." शिंप्याने मान डोलावली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खड्ड्यात मेलेली घूस होती. ती उचलून टाकली ह्यांनी."

"मग ओठ कसे सुजले?"

बायकोने इतका पुढचा विचार केलेला नव्हता. "दोन्ही हातांत फावडं होतं ना..."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "तोंडाने उचलली?"

"सवय आहे त्यांना," ती घाईघाईने म्हणाली. शिंप्याचे डोळे पांढरे झाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं आणि लगेच आरोग्य खात्याला फोन लावला. नवराबायको घरी पोचले, तर परसात डोळ्यांपर्यंत मास्क चढवलेली माणसं चुना आणि काँक्रीट घेऊन हजर!

"मागे व्हा," त्यांचा मुकादम ओरडला. "खड्डा कायमचा बंद करायचाय."

शिंपी खड्ड्यावर आडवा पडला.

"अरे बापरे, घूस सोडवत नाहीये त्याला! उचला. मोठ्या इस्पितळात पोटात इंजेक्शनं द्यावी लागणार."

बायको मधे धावली. भलत्याच रोगाचं औषध टोचून हा माणूस हातचा जायचा! तिला रडूच कोसळलं.

"थांबा हो! घूसबीस काही नाही! हंडाभर नाणी आहेत खाली! ह्यांनी ती तोंडात धरली, त्यांचा गंज बाधलाय. घ्या ते सगळं, पण माझ्या माणसाला औषध नीट द्या!"

मुकादम तिच्यापासून चार पावलं मागे सरकला आणि त्याने फोन काढला.

"डॉक्टरसाहेब, बाईंनाही लागण झालीय. थेट मेंदूत गेलंय." मग तो माणसांकडे वळला. "ओता रे!"

दोघांना गाडीत शेजारीशेजारी आडवं केलं. बाहेर काँक्रीट भदाभदा पडत होतं. बायकोने डोळे पुसत नवऱ्याचा हात हातात घेतला, पण शिंपी तिच्याकडे डोळे फाडून बघत राहिला. इंजेक्शनाची भीती तो केव्हाच विसरला होता. 'घ्या ते सगळं' म्हणाली ही!