ग्लासातला मान

सकाळचे आठही वाजले नव्हते आणि चंद्रा तिसऱ्यांदा नॅपकिन मोजत होती. काल संध्याकाळी तीनशे भरले होते, पहाटे तीनशे भरले होते, आताही तीनशेच भरले. तरी तिच्या जिवाला चैन नव्हतं. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या दहा फेऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक फेरीत एखादा ग्लास तिला बोटभर वाकडा दिसे. ती तो सरळ करी, आणि परतताना तोच ग्लास पुन्हा वाकडा वाटे.

धाकट्या दिराचं लग्न काल लागलं होतं. आज दुपारी रिसेप्शन होतं, भिवंडीच्या वेशीबाहेर, घरामागच्या शेतात. सासरे केसरीनाथ यांना पंगत जमिनीवरच बसवायची होती. पण नवी सून ठाण्याची, तिची आई शाळेत मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मांडी घालून पत्रावळी मांडायच्या म्हणजे शोभा होईल, असं चंद्राने महिनाभर घरात लावून धरलं होतं. लग्नाआधी कल्याणला महिला मंडळात ती तीन महिने टेबल मांडणी शिकली होती. ती वही अजून ट्रंकेत होती, आणि वहीपेक्षा मोठी एक इच्छा तिच्या मनात होती. ओटीवरच्या खोलीत तिला असलाच वर्ग काढायचा होता.

त्या खोलीत भाताच्या गोणी होत्या, आणि खोलीची किल्ली सासूबाईंच्या, म्हणजे जानकीबाईंच्या कमरेला होती.

"विहीनबाईनी आपल्या तोंडानं नावाजला, त खोली तुजी," जानकीबाईंनी शब्द दिला होता. "न्हाय नावाजला, त मंग पुन्ना या घरान टेबल बोलाचा न्हाय. जेवाचा टेबल न्हाय नि शिवनाचा बी न्हाय."

झालं, चंद्रा कामाला लागली. पत्र्याच्या पिंपांवर फळ्या टाकून दोन लांबलचक टेबलं उभी राहिली. एका वेळी दीडशे माणसं बसतील अशी. वर पांढरं कापड हवं, म्हणून ती केसरीनाथांचे जुने दोस्त नूर मोहम्मद यांच्याकडे गेली. शहरात त्यांचे चोवीस लूम होते. त्यांनी एक धुतलेला, कडक, पांढराशुभ्र तागा काढून दिला. पण देताना हात जरा आखडता झाला.

"सूनबाई, वापर बिनधास्त. बस, कापायचा नाही हां. तागा साबूत आहे तोपर्यंत माल. कैंची लागली की चिंधी. बाजारात कोई पूछेगा भी नहीं."

म्हणून तो तागा न कापताच अंथरला गेला. एका टेबलावरून निघाला, टोकाला वळला आणि दुसऱ्या टेबलावरून परत आला. नॅपकिनचं कापड मात्र नूर मोहम्मदांनी कापूनच दिलं, आणि त्यांच्या बायकोने, सालेहाचाचींनी, तीनशेच्या तीनशे तुकड्यांना गुलाबी किनार घालून दिली. चंद्राने दीडशे नॅपकिनांचे पंखे करून ग्लासांत उभे केले. उरलेले दीडशे दुसऱ्या पंगतीसाठी. दुसरी पंगत जेवेल तोवर पहिले धुवून वाळतील आणि तिसरीला लागतील. फेब्रुवारीचं ऊन होतं. हिशेब चोख होता.

फक्त एक गोष्ट त्या वहीत लिहिलेली नव्हती. कालच्या लग्नात मानाचं टॉवेल-टोपी फक्त जवळच्या पाहुण्यांना मिळालं होतं, आणि बाकी अख्खं गाव त्यावर मनातल्या मनात रुसलेलं होतं.

पहिल्या पंगतीत जानकीबाईंचे भाऊ बाळाराममामा आघाडीला बसले. कालचा त्यांना मिळालेला टॉवेल व्याह्यांच्या टॉवेलापेक्षा वीतभर आखूड निघाला होता, आणि तेव्हापासून ते बहिणीशी बोलत नव्हते. ग्लासातला पंखा बघून ते थबकले. दोन बोटांनी तो उपसला, झटकला, उलगडला, गुलाबी किनार निरखली आणि खांद्यावर टाकला.

"आक्का!" मामांचा आवाज मांडवभर गेला. "राखलास गो भावाचा मान!"

पुढच्या क्षणी दीडशे ग्लास रिकामे झाले. पुरुषांनी नॅपकिन खांद्यावर टाकले, बायकांनी पोलक्याला पुरेल का ते अंगाला लावून बघितलं आणि कमरेला खोचले. खुद्द जानकीबाईंनीही भावाशेजारचा एक उचलून कनवटीला लावला.

चंद्रा धावली. "मामा, ते नॅपकिन आहेत! जेवून झाल्यावर तोंड..."

जानकीबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचे शब्द घशातच राहिले. "तोंड मिट. कालपासना माजा भाव बोलला नव्हता. आता बोलतंय त बोलू दे."

दुसऱ्या पंगतीला गावकऱ्यांबरोबर पाहुण्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हरही बसले. चंद्राने उरलेले दीडशे मांडले, पण या वेळी तिने तोड काढली होती. तिने नवऱ्याला, पंढरीला, मधोमध बसवलं. त्याने काही बोलायचं नाही, फक्त पहिला घास घेतल्याबरोबर सगळ्यांना दिसेल असं नॅपकिनला तोंड पुसायचं. एकाने केलं की दहा जण करतात, असं मंडळातल्या बाईंनी शिकवलं होतं.

पंढरीने बायकोचा शब्द मानला. बटाट्याच्या रश्शात पुरी बुडवली, घास घेतला आणि नॅपकिनने ऐटीत तोंड पुसलं.

सगळ्या पंगतीच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"अरं, मानाच्या वस्त्राला खरकाटा पुसतंय?" एक म्हातारा उठून उभा राहिला. "आनि घरचाच पोरगा?"

"पंढरी!" जानकीबाई कडाडल्या. "लाज न्हाय वाटत?"

पंढरीने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि डाग आतल्या बाजूला जाईल अशा बेताने नॅपकिन खांद्यावर टाकला. दहा जणांनी नव्हे, सगळ्या पंगतीने त्याचं अनुकरण केलं. चंद्राला त्याचा इतका राग आला की जिलेबीचं ताट तिने त्याच्यासमोर आपटलंच.

तिसरी पंगत बसली आणि ग्लासात काहीच नव्हतं. जेवण वाढून झालं तरी कुणी घासाला हात लावेना. केसरीनाथांचे चुलतभाऊ दाजी खुर्ची मागे सारून उठले. गावात त्यांचा शब्द चाले, आणि बाळाराममामांशी त्यांचं जुनं वाकडं होतं.

"बाळारामाला दिला, गाड्या हाकनाऱ्यांना दिला. आमी काय फुकट जेवाला आलू?" दाजी म्हणाले. "चला रं, उठा!"

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. भरल्या पानावरून दीडशे माणसं उठणार होती. केसरीनाथ हात जोडून धावले, पण कुणी ऐकेना. हा शहाणपणा कुणाचा, म्हणून उद्या सगळं गाव आपलंच नाव घेणार, हे चंद्राला कळून चुकलं. तिला रडूच कोसळलं.

"ठहरो, ठहरो, दाजी!" नूर मोहम्मद खुर्चीवरून उठले. "मान आहे ना! तुम्हाला टेबलावरचा, मोठ्ठा मान आहे. बसा तरी!" मग ते चंद्राजवळ येऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, कैंची."

"चाचा, तागा..."

"कैंची दे म्हणतो ना. केसरीच्या मांडवातून माणसं उपाशी गेली, तर माल काय चाटायचा आहे?"

पानं उचलून धरली गेली. नूर मोहम्मदांनी ताग्याच्या काठाला कात्रीने खाच दिली, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी ओढलं. चर्र! प्रत्येक चर्रला त्यांचा चेहरा दुखरा दात ओढल्यासारखा होत होता, पण हात थांबले नाहीत. एका तुकड्यावर रश्शाचा पिवळा डाग निघाला, आणि तो नेमका दाजींच्याच वाट्याला आला.

"यो काय?" दाजींनी डोळे वटारले.

"हळद हाय, भावजी!" जानकीबाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. "हळद लागलेला फकस्त तुमाना काढून ठेवलाय."

दाजींनी तो डाग पुढे येईल असा तुकडा खांद्यावर लावला आणि पुरीचा घास घेतला. मांडवाने श्वास सोडला.

शेवटच्या पंगतीला ठाण्याची मंडळी आली, तेव्हा टेबलांच्या नावाने फक्त फळ्या आणि पिंपं उरली होती. एका पिंपावर तर कुठल्याशा तेलाचं नाव ठळक वाचता येत होतं. चंद्राने ताग्याच्या शेवटच्या वावभर तुकड्याचे रुमाल फाडले आणि त्यांचे पंखे केले. दशा सुटलेल्या कडांचे ते पंखे ग्लासात उभे राहीनात, कलंडत होते. गेली खोली, ती मनात म्हणाली. आता या जन्मात भाताच्या गोणीच.

मुख्याध्यापिका विहीणबाई चष्म्यातून आधी फळीकडे, मग ग्लासाकडे बघत राहिल्या. त्यांनी पंखा काढला, उलगडला आणि चंद्राला जवळ बोलावलं.

"हे तुमच्या कल्पनेतून?"

"हो," चंद्रा पुटपुटली.

"छान हो! आमच्याकडे हल्ली ते नॅपकिन ठेवतात. तोंड पुसा आणि टाकून या. घरी काही नेता येत नाही. तुम्ही मात्र प्रत्येकाला आठवण दिलीत. जानकीबाई, सून गुणी आहे हं तुमची." त्यांनी तुकडा चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला. मग जरा वाकून विचारलं, "यांच्या मोठ्या भावासाठी एक मिळेल?"

संध्याकाळी मांडव सुटला. चंद्रा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. बसल्या बसल्याही तिचे पाय थांबत नव्हते. समोर पाचशे-सहाशे रिकामे ग्लास उपडे घातले होते आणि तीनशेंपैकी एकही नॅपकिन परत आला नव्हता. नूर मोहम्मद जाताना हसत होते, ते खरं हसू होतं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. त्या भल्या माणसाच्या आठवणीने तिला पुन्हा भरून आलं.

जानकीबाई ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या. दिवसभरात त्यांच्या पोटात आता पहिला घास जात होता. त्या निवांत जेवल्या, रस्सा भुरकून प्यायल्या. मग कमरेची किल्ली सोडून त्यांनी चंद्राच्या मांडीवर टाकली.

"गोनी उद्या हलवतू," त्या म्हणाल्या.

चंद्राने किल्ली घट्ट मुठीत धरली.

पदर ठेवणीतल्या लुगड्याचा होता, खराब करावासा वाटेना, म्हणून जानकीबाईंनी कनवटीचा गुलाबी किनारीचा नॅपकिन काढला. त्याने आधी ओठ टिपले, मग एकेक बोट पुसलं. नॅपकिनकडे त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, आणि सुनेकडे वळून जरा रागानेच म्हणाल्या,

"यो त तोंड पुसाला लय बेस हाय गो! मंग सकालीच कुनाला सांगितला का न्हाय?"