दोरीवरचा टॉवेल

जगात सरळ अशी गोष्ट आपोआप होत नाही; कोणालातरी दोरी ताणून ठेवावी लागते. काँक्रीटचा रस्ता करणाऱ्या यंत्राला हे सत्य माणसांच्या आधी समजलं. पुढ्यात ओलं काँक्रीट टाकायचं, पोटातल्या साच्यात ते दाबलं जातं आणि मागून तयार रस्ता बाहेर पडतो, अशी त्याची साधी दिनचर्या. यंत्राला रस्ता दिसत नाही. त्याच्या कडेला एक लोखंडी बोट असतं आणि ते खुंट्यांवर ताणलेल्या दोरीला टेकून पुढे सरकतं. दोरी वर गेली की रस्ता वर, दोरी खाली गेली की रस्ता खाली. का, असं ते विचारत नाही. (या स्वभावामुळेच ते नोकरीत टिकलं.)

ही दोरी ताणायचं काम तीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. सगळे त्यांना दोरीकाका म्हणत. एक डोळा मिटून पाहिलं की केसाएवढा झोळही त्यांना खुपायचा. घरी सुनेने वाळत घातलेली चादरसुद्धा ते पुन्हा सरळ करून येत.

"मामंजी, ती चादर आहे, महामार्ग नाही," सून म्हणायची.

सात वर्षांच्या नातीला त्यांनी शब्द दिला होता. "आमचा रस्ता झाला की काठोकाठ भरलेला पेला घेऊन बसमध्ये बस. थेंब सांडला तर माझं नाव बदल."

"काय ठेवू?"

"वाकडेआजोबा."

दोरीच्या रक्षणासाठी काकांनी स्वतःच्या अक्षरात एक बोर्ड लिहिला होता : 'लेखी परवानगीशिवाय दोरीला कोणीही हात लावू नये.' खाली मोठ्या साहेबांची सही घेतली होती.

एके दिवशी मोठे साहेब पाहणीला आले. ऊन होतं. त्यांनी तोंड धुतलं, टॉवेल भिजवून मानेवर फिरवला आणि न पिळताच समोरच्या दोरीवर वाळत टाकला. मग ते केबिनमध्ये फोनवर बोलायला गेले आणि दार लागलं. दोरी दोन बोटं खाली आली. यंत्र बारा मीटर मागे होतं.

यंत्र मिनिटाला एक मीटर चालतं, म्हणजे निर्णयाला पूर्ण बारा मिनिटं होती. इतका अवधी मोठमोठ्या राष्ट्रांनाही मिळत नाही.

"काका, कोणाचं धुणं आहे ते? काढा की!" चालक वरून ओरडला.

"साहेबांचा टॉवेल आहे."

"मग असू दे."

काका तरीही धावले. मुकादमाने त्यांना बोर्डापाशी अडवलं.

"हा कोणी लिहिला?"

"मी."

"यात टॉवेलबद्दल काही आहे?"

"नाही."

"हाताबद्दल?"

"आहे."

"म्हणजे साहेबांनी नियम मोडलेला नाही. तुम्ही मोडायला निघालात."

"मग यंत्र थांबवा!"

"थांबवलं की रस्त्याला सांधा पडतो, सांध्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि अहवालात कारणाचा रकाना असतो. काय लिहू त्यात? टॉवेल?"

काकांनी अर्ज लिहिला. केबिनच्या दारातल्या सहायकाने तो वाचला, टॉवेल अजून ओला आहे का अशी चौकशी केली आणि ओला असल्यास काढण्याची घाई कशाला, असा रास्त मुद्दा मांडला. अकराव्या मिनिटाला काका पुन्हा दोरीपाशी उभे होते. त्यांचा हात टॉवेलापासून वीतभर अंतरावर गेला. मग तो त्यांनी खिशात घातला.

चौदाव्या मिनिटाला परवानगी आली. सोबत तत्परतेबद्दल कौतुकाचे दोन शब्द होते.

रस्त्याला दोन बोटं खोल खळगा पडला. सात जणांच्या समितीने तीनदा त्याची पाहणी केली. (दुसऱ्या वेळी त्यात पाणी साचलं होतं आणि चार चिमण्या आंघोळ करत होत्या, अहवालात त्यांची नोंद 'लाभार्थी' अशी आहे.) खळगा हा दोष आहे की नाही, यावर मतभेद झाले. पण उरलेल्या एक्केचाळीस किलोमीटरमध्ये तो नसेल, तर रस्त्यात एकसारखेपणा राहणार नाही, यावर एकमत झालं. म्हणून दर किलोमीटरला एक टॉवेल मंजूर झाला : सुती, मध्यम आकाराचा, न पिळलेला. वाळत घालायला अनुभवी हात हवा होता. काकांना दोरीला हात लावायची कायमची लेखी परवानगी मिळाली.

काकांनी एक्केचाळीस टॉवेल घातले. एकाचीही कड तिरकी नव्हती.

रस्ता सुरू झाला त्या दिवशी नात काठोकाठ भरलेला पेला घेऊन बसमध्ये बसली, शेजारी आजोबा. पहिले आठशे मीटर थेंब हलला नाही. काका खिडकीबाहेर पाहू लागले. मग बस दचकली आणि अर्धा पेला पलीकडच्या प्रवाशाच्या मांडीवर गेला.

नातीने आधी पेल्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. ती काही विचारणार, इतक्यात तो प्रवासी खेकसला, "पेला नीट धरता येत नाही? घरी काही शिकवतात की नाही?"

"नीट धर, बाळ," काका म्हणाले.

पुढे एक्केचाळीस वेळा बस दचकली. एक्केचाळीस वेळा त्या प्रवाशाने मुलीकडेच डोळे वटारले. रस्त्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

असो. तुमची पँट एव्हाना वाळली असेल.