धाकूभाऊंची आठवीची गाडी

आमच्या घरी आलेली एकही लग्नपत्रिका भोक न पडता राहिली नाही. पत्रिका टपालानं येवो नाहीतर हातानं, ती आधी शेजारच्या धाकूभाऊंच्या हाती लागायची. धाकूभाऊ खिशातून चिमटा काढायचे आणि बहुधा नेमकं वधूच्या नावावर कट्ट करून भोक पाडायचे. मग पत्रिका उजेडात धरून त्या भोकातून एकदा जग बघायचे आणि म्हणायचे, "तपासली. ठेवा."

धाकूभाऊ एस.टी.चे कंडक्टर. उभा जन्म महाड, पोलादपूर आणि कशेडीचा घाट यांच्यामध्ये गेलेला. रिटायर झाले त्या दिवशी तिकिटाला भोक पाडायचा सरकारी चिमटा त्यांनी इमानदारीत डेपोत जमा केला, आणि चौथ्या दिवशी लोहाराला चित्र काढून देऊन तस्साच दुसरा करून आणला. "सरकारी होता तो परत केला. ह्यो घरचा," असं मला मुद्दाम येऊन सांगून गेले. त्यानंतर आमच्या आळीत कागद म्हणून काही धड उरलं नाही. रेशनकार्डाला भोक, विजेच्या बिलाला भोक. एकदा तर आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनी नेमकी संकष्टी उडवली आणि बायकोचा उपास चुकला. तो राग तिनं माझ्यावर काढला, ही गोष्ट वेगळी.

घरात त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत एक दोरी ओढली होती. दोरीच्या त्या टोकाला घंटा. जेवताना एकदा टण्ण म्हणजे 'थांबा, आता वाढू नका', आणि दोनदा टण्ण टण्ण म्हणजे 'येऊ द्या'. ज्यांनी कधी गाडीत पाऊल ठेवलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एक बेल म्हणजे गाडी थांबते, दोन म्हणजे सुटते. वहिनी बिचाऱ्या चुलीपुढे बसून कान टवकारून असायच्या. "लगीन मानसाशी लावलं म्हणून बापूस खूश झाला," त्या म्हणायच्या, "नि पदरात पडली गाडी!"

आणि धाकूभाऊंचा आकडा होता अकरा. जेवढ्या सीटा तेवढे बसलेले, वर अकरा उभे, बारावा नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला ते दारात उभे राहून माणसं मोजत. घर भरलं आणि वर अकरा झाले की आडवा हात घालून म्हणत, "मागून दुसरी गाडी येतेय." दुसरा सत्यनारायण कोण घालणार होतं, देव जाणे!

हे सगळं मी शेजारधर्म म्हणून सोसलं असतं हो. पण माझं दुर्दैव असं की मी हायस्कुलात क्लार्क होतो.

त्या काळी खोऱ्यातल्या वाड्यावाड्यांतून शाळा होत्या, पण त्या सातवीपर्यंत. सातवी झाली की सगळी पोरं आठवीसाठी महाड नाहीतर पोलादपूर गाठायची. आमच्याकडे महाडला आठवीच्या तुकड्या दोन, आणि जूनमध्ये दारात उभे राहणारे आईबाप चार तुकड्यांचे. शाळा सुरू झाली तरी आठवडाभर प्रवेश चालायचे. पहिल्या गाडीनं माणसं यायची, रांगेत छत्री, पिशवी नाहीतर नुसता दगड ठेवून चहाला जायची. मग 'माझा दगड पुढं होता' यावरून भांडणं. दगड सगळे सावित्रीच्या पात्रातले, एकासारखा एक. कुणाचा कुठला ते ब्रह्मदेवानंही सांगितलं नसतं.

धाकूभाऊंना मूलबाळ नव्हतं. तरी रिटायर झाल्यापासून दर जूनमध्ये हा गृहस्थ खाकी शर्ट घालून सकाळी सकाळी आमच्या ऑफिसच्या दारात हजर! कुणी बोलावलं नाही, कुणी नेमलं नाही.

"आधी उतरणाऱ्यांना वाट द्या! दाखला हातात ठेवा! ए ताई, पोराला कडेवर घे, त्याला आठवीत नाय घालायचा हाय!"

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच रांग रांगेसारखी झाली. दगड त्यांनी पायानं गटारात लोटले. "दगडाला शिट मिळत नाय. मानूस उभा पायजे." शाळेच्या मागच्या दारानं वशिल्याची माणसं यायची, तिथं जाऊन त्यांनी आतून कडी घातली. एकदा कुणी आमदारांची चिठ्ठी घेऊन आला. धाकूभाऊंनी ती वाचली, भोक पाडलं आणि म्हणाले, "आमदारांची शिट राखीव हाय ना! नाय कोन म्हनतो? पन तिच्यावर आमदारांनी सोता बसायचं असतं. सकाळी अकराला दप्तर घेऊन पाठवा त्यांना." तो माणूस पुन्हा दिसला नाही.

फक्त एक घोटाळा झाला. रांगेतल्या प्रत्येक अर्जाला त्यांनी भोक पाडलं आणि दरवेळी ते जन्मतारखेवर पडलं. आमच्या तालुक्यात आज अशी शंभरेक माणसं आहेत, ज्यांच्या जन्माच्या जागी शाळेच्या दप्तरात नुसतं गोल आकाश आहे. त्यापायी मी हेडसरांच्या शिव्या खाल्ल्या. मी धाकूभाऊंना सांगितलं, "यापुढे चिमटा बाहेर काढलात तर मी तुमच्या कानाला भोक पाडीन." ते खो खो हसले आणि माझ्या रजेच्या अर्जाला भोक पाडून गेले.

आता एका वर्षीची गोष्ट. शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी शनिवारी प्रवेश बंद. यादी भरलेली. तेवढ्यात एक बाई मुलीचा हात धरून माझ्या टेबलाशी आली. नाव शेवंता, गाव कशेडीच्या पायथ्याचं. मुलगी सुनंदा, सातवीत पहिली आलेली, दाखला छातीशी धरून उभी.

"पोलादपुरात जागा नाय म्हनाले, म्हनून हितं आलो सायेब," शेवंता म्हणाली. "सोमवारी हिची आत्या येतेय न्यायला. शाळा नाय मिळाली तर ममईला जायची, आत्याची पोरं सांभाळायला."

सुनंदा भिंतीवरच्या वेळापत्रकात आठवीचा कुठला तास कधी ते वाचत होती. पण मी क्लार्क, माझ्या हातात काय? मी दोघींना हेडसरांकडे नेलं. अर्थात धाकूभाऊ आमच्या आधी आत पोचले होते.

"बाक नाहीत हो," हेडसर म्हणाले. "बसवू कुठे?"

"बसायला नाय म्हनता ना?" धाकूभाऊ म्हणाले. "मग उभी राहील. अकरा उभे चालतात."

"धाकूभाऊ, ही शाळा आहे, गाडी नव्हे!"

"गाडीच हाय सर. भाताच्या लावणीला चार पोरं उतरतील. गणपतीला ममईकर येतील नि दोन घेऊन जातील. दिवाळीनंतर पोरींची लगनं लागतील. भावसाहेब, काढा मागच्या वर्सचं रजिस्टर."

मी काढलं. मागच्या वर्षी दिवाळीपर्यंत आठवीतून नऊ पोरं गळली होती. मी दरवर्षी त्या नावांवर तांबडी रेघ मारत आलो होतो, पण ती एकत्र कधी मोजली नव्हती. लाज वाटली मला.

हेडसर माणूस वाईट नव्हता, पण वैतागला होता. "हे बघा," ते म्हणाले, "उद्या शाळा सुटायच्या आत बाक आणून द्या, मुलगी घेतो. बाक नाही, तर मुलगी नाही. आता माझं डोकं खाऊ नका."

बाजारात सुताराकडे बाक सांगितला तर पंधरा दिवसांनी मिळायचा. हेडसरांना ते ठाऊक होतं. म्हणूनच ते तसं बोलले.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातची प्रार्थना चालू होती, सगळी पोरं डोळे मिटून उभी, आणि फाटकातून खडखडाट करत एक हातगाडी आत आली. पुढून धाकूभाऊ ओढतायत, मागून शेवंता नि सुनंदा ढकलतायत, आणि गाडीवर हिरव्या रेक्झिनची, एका कोपऱ्यातून काथ्या बाहेर आलेली, खरीखुरी एस.टी.ची सीट! भंगारवाल्याकडून उचलून आणलेली. प्रार्थना तिथंच संपली. पोरांनी एकच गिल्ला केला.

"हे काय आहे?" हेडसर ओरडले.

"बाक," धाकूभाऊ म्हणाले. "नि शिट दोघांची हाय. अजून एक घ्या."

हेडसरांनी कपाळाला हात लावला. पण शब्द दिला होता, आणि बाक अख्ख्या शाळेपुढे हजर झाला होता. सीट आठवी 'ब' मध्ये शेवटी नेऊन ठेवली. पुढे वर्षभर तिच्या स्प्रिंगवर बसायला पोरं मारामाऱ्या करायची, ते असो.

मी सुनंदाचा अर्ज भरायला घेतला. धाकूभाऊ शेजारी चिमटा परजून उभे. "पालकाची सही किंवा अंगठा," मी शेवंताला म्हणालो आणि शाईची गादी पुढे केली. तिनं गादी बाजूला सारली, पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात सही केली. मी बघतच राहिलो.

"सातवी पास हाय मी सायेब," ती हसत म्हणाली. "मी पन येनार होते आठवीला, ह्याच शाळंत. शेवटच्या दिवशी नाक्यावर मी नि माजा बापूस गाडीला उभे. गाडी आली ती भरून. बापूस लई बोलला, पोरीला तरी घ्या. कंडक्टर म्हनला अकरा झाले, बारावा नाय. मारली बेल. मग काय, मागून दुसरी गाडी येते की काय म्हनून सांजच्यापर्यंत बसलो. त्या सालाचं गेलं ते गेलंच. पुढं लगीन लागलं."

हे सगळं ती हसत हसत सांगत होती, जशी एखादी जत्रेतली गंमत सांगावी.

चिमट्याचा कट्ट ऐकू आला नाही, म्हणून मी वर पाहिलं. धाकूभाऊ टेबलाशी नव्हते. ते व्हरांड्यात शाळेच्या पितळी घंटेखाली उभे होते. शिपाई 'अहो, अहो' करेपर्यंत त्यांनी लाकडी हातोडा उचलला आणि एक टोला दिला.

टण्ण.

एकच. वर्गावर्गातून माना बाहेर आल्या. मीही धावत गेलो. "काय करताय हे?" मी ओरडलो.

"थांबवली गाडी," धाकूभाऊ म्हणाले. "सतरा वर्सं झाली भावसाहेब. मागच्या काचेतून दिसत होती मला ती पोर, गाडीमागं पळताना. एक बेल मारायची होती. माझ्या हातानं दोन मारल्या."

इतक्या वर्षांचा खाकी शर्ट, इतक्या जूनच्या रांगा, त्या माणसाचं सगळं वेड मला त्या क्षणी समजलं, आणि त्यांच्या कानाला भोक पाडीन म्हणालो होतो ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवंता दाराशी येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रागावली असती तरी कुणी तिला बोललं नसतं.

"तुमीच काय वो ते?" तिनं विचारलं.

धाकूभाऊंनी मान डोलावली. वर बघवेना त्यांना.

"माजा बापूस मरंस्तवर शिव्या देत होता तुमाला," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसलं. "जाऊ द्या. पोरगी चढली ना आता? मारा दोन."

धाकूभाऊंनी हातोडा उचलला, तसाच खाली घेतला, पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. शेवटी सुनंदानं पुढे होऊन तो त्यांच्या हातातून घेतला, टाचा उंच केल्या आणि ठणठणीत दोन टोले दिले.

आमच्या शाळेत दोन टोले म्हणजे मधली सुट्टी. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी अख्खी शाळा डबे घेऊन धडाधडा व्हरांड्यात आली. हेडसर बोंबलत बाहेर धावले. आणि त्या गर्दीत धाकूभाऊ खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत, रडत रडत पोरांवर ओरडत होते, "आधी उतरणाऱ्यांना वाट द्या रे! वाट द्या!"