सात दिवसांचा उपाशी

प्रयोगाच्या दिवशी काडीच्या पोटात पाण्याखेरीज काही जाता कामा नये, असा हुकूम अण्णांनी बसमध्येच काढला. अण्णा म्हणजे नाटक मंडळीचे दिग्दर्शक आणि बस म्हणजे मंडळींचं चाकांवरचं घर. पुढे नटनट्या, मागे नेपथ्य, मधल्या वाटेत कपड्यांच्या पेट्या आणि पेट्यांवर काडी, अशी बसायची व्यवस्था होती.

काडीचं खरं नाव मंडळीत कुणाला आठवत नसे. आधी सगळे त्याला काडीपैलवान म्हणत; मग त्यातला पैलवान दौऱ्यात कुठेतरी गळून पडला. अकरा वर्षं त्याने पोस्टमनचं काम केलं. दार वाजवायचं, "पत्र!" म्हणायचं आणि निघून जायचं. नाटकं बदलली, पत्रं बदलली, दारंसुद्धा दोनदा रंगवून झाली. पोस्टमन मात्र तोच. शेवटी अण्णांनी नवं नाटक बसवलं. त्यात वाट चुकून सात दिवस रानात उपाशी भटकलेला माणूस घरी परततो. सात दिवसांचा उपाशी म्हणून खपतील अशा बरगड्या अख्ख्या मंडळीत एकाच माणसाकडे होत्या. अशा रीतीने काडी नायक झाला.

नाटकाचा सगळा जीव शेवटच्या प्रवेशात होता. आई लेकापुढे अन्नाने भरलेला थाळा ठेवते. सहा मिनिटं कुणी एक अक्षर बोलत नाही. तो नुसता अधाशासारखा जेवतो, थाळा चाटूनपुसून लख्ख करतो, मान वर करतो आणि म्हणतो, "आणखी!" आई रिकामं पातेलं उलटं करून दाखवते. पडदा पडतो. प्रेक्षक रडतात.

मागच्या गावात प्रेक्षक हसले होते. दुपारी यजमानांनी काडीला इतकं आग्रहाने जेवू घातलं की रंगमंचावर त्याने चार घास कसेबसे गिळले, पाचव्याला खणखणीत ढेकर दिला आणि "आणखी" अशा सुरात म्हटलं की मागच्या रांगेतल्या माणसाला ते "पुरे" वाटलं.

"आज पुन्हा तसं झालं ना," अण्णा म्हणाले, "तर उद्यापासून ही भूमिका माझ्या भाच्याला. तू परत पोस्टमन."

भाचा मागच्या बाकावर केळं सोलत बसला होता. तोही बारीकच होता. त्याच्या बारीकपणाला फक्त अजून संधी मिळाली नव्हती.

"आणि हो," अण्णांनी बजावलं, "का जेवत नाही ते कुणाला सांगायचं नाही. मंडळी नटांना उपाशी ठेवते असा गावभर बोभाटा नको."

मंडळींची रीत अशी होती की हॉटेलात न उतरता गावातल्या नाट्यप्रेमी घरांमध्ये एकेक कलाकार वाटून द्यायचा. काडी ज्या घराच्या वाट्याला आला, तिथलं दार काकूंनी उघडलं. त्यांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. वेळ फार लागला नाही, कारण न्याहाळण्यासारखं फार नव्हतं.

"अहो, ऐकलंत का?" त्यांनी आत हाक दिली. "आपल्याकडे नायक येणार होता ना? त्याचा सांगाडा पुढे आलाय. बाकीचा मागून येतोय की काय?"

काका बाहेर आले, हसले आणि वर्तमानपत्रामागे गेले. ते निवृत्त स्टेशनमास्तर होते. कोणती गाडी थांबवता येते आणि कोणती येत नाही, याचा त्यांना अनुभव होता.

"बस बाळा. गरम गरम वाढते," काकू म्हणाल्या.

"नको काकू. मी बसमध्ये जेवलो."

"काय जेवलास?"

काडीने इथवर विचार केला नव्हता. अकरा वर्षं एकाच शब्दाचं काम केल्यामुळे त्याला उत्स्फूर्त संवादांची सवय नव्हती.

"पाव," तो म्हणाला.

"पावाबरोबर?"

"पाणी."

काकूंचा चेहरा असा काही झाला की काडीलाच स्वतःची दया आली. पाचव्या मिनिटाला त्याच्यापुढे भाज्यांचं सूप, लोणी लावलेला पाव आणि तीन अंड्यांचं ऑम्लेट होतं. लोण्याचा वास सरळ आतड्यापर्यंत पोचला. तिथे सकाळपासून कावळे ओरडत होतेच. ते आता नाचायला लागले. पण काडीच्या डोळ्यांपुढे केळं सोलणारा भाचा उभा राहिला आणि त्याने दुसरी थाप मारली.

"काकू, खरं सांगू? माझं पोट बिघडलंय."

"अरे देवा! मग आधी नाही का सांगायचं?" काकूंनी खिडकीतून शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर हातातला पेला घेऊनच आले. त्यांनी काडीला कोचावर आडवा केला, पोट चार ठिकाणी दाबलं, वर टकटक केलं आणि कान लावला.

"पोट बिघडायला आधी पोटात काहीतरी असावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "इथे नुसता घुमतोय आवाज. याला दर तासाला खायला घाला. थोडं थोडं नको. भरपूर."

आता डॉक्टरांचाच हुकूम झाल्यावर काकूंचा हात कोण धरणार? काडी पुरता कोंडीत सापडला. शेवटी त्याने हात जोडून सगळं खरं ते सांगून टाकलं. शेवटचा प्रवेश, ढेकर, भाचा, पोस्टमन.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुमच्या त्या अण्णांनी तुला उपाशी ठेवलंय? जळलं मेलं ते नाटक! माझ्या घरातून माणूस उपाशी बाहेर पडलेला नाही, आणि आजही पडायचा नाही."

"काका, तुम्ही तरी सांगा!"

वर्तमानपत्र इंचभर खाली आलं. "खा बाबा. मी बत्तीस वर्षं 'नको' म्हणून बघितलं. उपयोग होत नाही."

काडीने खाल्लं. आधी दोन घास, मग चार, मग ऑम्लेट कधी संपलं ते कळलंच नाही. बारा वाजता भात आणि वाटाण्याचा रस्सा आला. एक वाजता लोण्यात परतलेले बटाटे. दोन वाजता केक आला, कारण काकूंच्या मते केक हे काही जेवण नव्हे. तीन वाजता काडी उठायला गेला तेव्हा कोचही थोडा बरोबर उठला.

पण तो अगदीच खचला नव्हता. त्याचा भरवसा कापसावर होता. मागच्या गावच्या फजितीनंतर रंगमंचावरचं सामान सांभाळणाऱ्या मावशींनी एक गुप्त तोड काढली होती. खोलगट थाळ्यात काठोकाठ कापूस दाबून भरायचा आणि वर बोटभर भात पसरायचा. प्रेक्षकांना डोंगर दिसणार, काडीला पाच घास. अण्णांनाही हे ठाऊक नव्हतं. पाच घास काय, कोणीही खाईल, अशी मनाची समजूत घालत काडी थिएटरकडे निघाला. चालताना तो जरा मागे झुकून चालत होता, कारण पुढे झुकणं शक्य नव्हतं.

त्याला एवढंच माहीत नव्हतं की वरचा भात ताजा आणि वाफाळता दिसावा म्हणून मावशींनी तो कापसाचा थाळा जवळच्याच एका घरी दिला होता. "यावर वाटीभर भात पसरून द्या," असा निरोपही दिला होता. ते जवळचं घर म्हणजे काकूंचं.

चारचा प्रयोग खच्चून भरला. पहिल्या रांगेत मधोमध काकू, शेजारी काका. पहिले दोन अंक निर्विघ्न पार पडले. शेवटच्या प्रवेशात काडी धडपडत दारातून आत आला. आईचं काम करणाऱ्या बाईंनी थाळा आणला, आणि तो खाली ठेवताना त्यांच्या तोंडून "हुश्श" निघालं.

काडीने थाळा पुढे ओढला. थाळा जड होता. कापूस जड नसतो, इतकं विज्ञान काडीला येत होतं. त्याने भातात बोटं खुपसली. भाताखाली बटाटे लागले. बटाट्यांखाली उकडलेली अंडी लागली. अंड्यांखाली पुन्हा भात लागला, आणि त्याखाली थेट थाळ्याचा तळ. कापसाचा तंतूही नव्हता.

त्याने मान वर केली. पहिल्या रांगेतून काकूंनी डोळे मिचकावले आणि हाताने खूण केली, "जेव, जेव!" विंगेत अण्णा संहितेची गुंडाळी करून उभे होते. त्यांच्या शेजारी भाचा होता. नायकाचा जादा फाटका शर्ट त्याने अंगाला लावून बघायला घेतला होता.

तो शर्ट बघितला मात्र, काडीने पहिला घास उचलला.

त्या जेवणाचं वर्णन काय करावं! प्रत्येक घास तोंडापर्यंत जाई, तिथे थांबे आणि मग माणूस थंड पाण्यात उतरतो तसा हळूहळू आत उतरे. सातव्या घासाला काडीच्या कपाळावर घाम आला. बाराव्याला डोळ्यांतून धारा लागल्या. अंडं गिळताना त्याने असे काही डोळे पांढरे केले की बाल्कनीतून एक हुंदका ऐकू आला.

"रडू नकोस रे, रडणं लिहिलेलं नाही," आईचं काम करणाऱ्या बाई ओठ न हलवता कुजबुजल्या.

"बाई, मी मरतोय."

"तेही लिहिलेलं नाही."

सहा मिनिटांचा प्रवेश सतरा मिनिटं चालला. कुणी खोकलं नाही, कुणी खुर्ची वाजवली नाही. अखेर थाळा लख्ख झाला. काडीने मान वर केली. उरली सुरली सगळी शक्ती गोळा करून, विहिरीच्या तळातून यावा तसा त्याने शब्द बाहेर काढला.

"आणखी!"

सगळं थिएटर हळहळलं. बाईंनी रिकामं पातेलं उचललं आणि उलटं केलं. आता फक्त पडदा पडायचा बाकी होता. काडीने सुटकेने डोळे मिटले.

"थांबा! पडदा टाकू नका!" पहिल्या रांगेतून आवाज आला. "रिकामं कसं असेल? मी आणलंय ना!"

पायाखालची पिशवी उचलून काकू रंगमंचाच्या पायऱ्या चढू लागल्या. पडदा ओढणारा गोंधळून थांबला. काकूंनी पिशवीतून चार मजली डबा काढला आणि सगळ्यांदेखत वाढायला सुरुवात केली. आईचं काम करणाऱ्या बाई मुरलेल्या नटी होत्या. "आलीस का शेजारणी!" त्यांनी टाहो फोडला. "वेळेला धावून आलीस गं!"

"मग? येणारच!" काकू म्हणाल्या. "खा रे बाळा. केकही आहे."

काडीने विंगेकडे पाहिलं. अण्णा दोन्ही हातांनी खुणा करत होते, "खा! खा!" काडीने आणखी एक बटाटा खाल्ला. मग त्याने काकूंपुढे हात जोडले आणि तो सावकाश एका कुशीवर कलंडला. कलंडण्यात अभिनयाचा भाग शून्य होता. पडदा पडला आणि टाळ्या अशा झाल्या की काकूंना तीनदा बाहेर येऊन वाकावं लागलं. काडीला उठवता येईना.

अण्णा धावत आत आले. त्यांचेही डोळे ओले होते. "काडी, लेका! काय ती वेदना! घास गिळताना घशात दाटून आलेले ते कढ! हे कसं जमवलंस?"

"अण्णा," काडी आडव्यानेच म्हणाला, "मी दुपारी जेवलो होतो."

"किती?"

"तडस लागेपर्यंत."

अण्णांनी ओले डोळे पुसले. मग त्यांनी तिथेच नवा हुकूम काढला. इथून पुढे प्रत्येक प्रयोगाआधी काडीला पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं. भूमिका कायम. नाटकात एक शेजारीणही वाढवली.

पुढचे अडतीस प्रयोग काडी दिवसातून दोनदा आकंठ जेवला, एकदा घरात आणि एकदा रंगमंचावर. आधी शर्टाची फाटकी बाजू शिवावी लागली. मग न फाटलेली बाजू फाटली. अडतिसाव्या प्रयोगाला तो दारातून धडपडत आला, तेव्हा चौकट त्याच्याबरोबर आत आली आणि पाचव्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "हा रानात हरवला होता की बेकरीत?"

प्रेक्षक हसले. अण्णांनी त्या संध्याकाळी भूमिका भाच्याला दिली.

काडी पुन्हा पोस्टमन झाला. आणि पोस्टमनला आग्रह करून जेवू कोण घालतं? "पत्र!" म्हणायला रिकामं पोटही चालतं. तेव्हा त्याच्या वाट्याला बसमधलं उरलंसुरलं येऊ लागलं. पोट मात्र गेलं नाही. आलेल्या पाहुण्यासारखं ते मुक्कामालाच राहिलं.

वर्षभराने दौरा पुन्हा त्याच गावी आला. वाटेत बस बंद पडली, सगळे रात्रभर अडकले आणि काडीने आदल्या दुपारपासून काही म्हणजे काही खाल्लं नव्हतं. दुपारी सगळ्या मंडळींना काकूंकडे जेवण होतं. काकूंना पाहताच काडीला गहिवरून आलं. तो हात पसरून पुढे झाला.

काकू त्याला वळसा घालून पुढे गेल्या. "अगं बाई!" त्या भाच्यापुढे थांबल्या. "हा बघा कसा वाळलाय! बस रे बाळा, बस."

टेबलाशी भाच्याच्या ताटात डोंगर उभा राहिला. काडीला डावभर भात आणि एक बटाटा मिळाला. तो दोन घासांत संपला.

"काकू, आणखी," काडी म्हणाला.

काकूंनी त्याला ओळखलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. "अरे, तूच का तो? काय हे पोट! मागच्या वर्षी कसा छान होतास. आता जरा हात आखडता घे हो."

काडीने ताट उचलून पुढे धरलं. त्याला खरंच भूक लागली होती. इतकी, की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. "आणखी..." तो पुन्हा म्हणाला.

टेबलाच्या टोकाला अण्णांचा घास हातातच थांबला. ते खुर्चीवरून उठले.

"पुन्हा म्हण."

"आणखी," काडी म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

"हाच!" अण्णा ओरडले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "अरे, हाच तो 'आणखी'! अडतीस प्रयोगांत मला एकदाही मिळाला नाही!"

सगळ्या मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रामागून काकांनीसुद्धा वाजवल्या. काडीने रिकामं ताट छातीशी धरून, रीतीप्रमाणे वाकून त्या स्वीकारल्या. काकूंनाही भरून आलं होतं. त्यांनी डोळे पुसले, पातेल्यातला शेवटचा बटाटा डावावर घेतला आणि हलक्या हाताने भाच्याच्या ताटात वाढला.