सावलीचा दंड

अय्युबशी अबोला धरून दोन महिने झाले होते आणि नेमकी अय्युबचीच पिकअप बांधावर उभी असताना जानरावच्या छातीत कळ यावी! शेंदूरजनाघाटच्या त्या शिवारात दुसरं वाहन नव्हतं. जानरावच्या बायकोची, सुभद्राबाईंची किंकाळी ऐकली आणि अय्युबनं संत्र्यांच्या क्रेटांसकट गाडी पळवली. वरूडच्या डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितलं, "अमरावतीले न्या."

भांडण फाटकाच्या कडीवरून होतं. दोघांच्या बगिच्यांना मिळून एकच फाटक. एका रात्री ते उघडं राहिलं आणि गुरांनी अय्युबची चाळीस नवी कलमं फस्त केली. कडी कोणी लावली नाही, यावर दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेव्हापासून जे काही बोलायचं ते सुभद्राबाईंच्या मार्फत.

मोर्शी मागे पडली तसा जानरावचा धीर सुटला. त्यानं गिअरवरचा अय्युबचा हात घट्ट धरला. "अय्युब, गड्या, त्या राती कडी मीच इसरलो होतो. हे मनात ठेवून मले जायचं नाई."

अय्युबच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कलमं गेली चुलीत. तू फक्त जीव धरून राह्य!"

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, जानराव आत गेला. मग गाडी लावायची होती. समोर 'तातडीच्या रुग्णांसाठी' अशी पाटी होती, पण जागा भर उन्हात. तीस वर्षं संत्री वाहणाऱ्या माणसाचे हात, जग बुडत असलं तरी सावलीकडेच वळणार. अय्युबनं गाडी सरळ मोठ्या डॉक्टरांच्या शेडमध्ये घातली.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "हृदय ठणठणीत आहे. गॅस होता. सकाळी काय खाल्लं होतं?"

"मिरचीचे भजे," सुभद्राबाई म्हणाल्या.

"किती?"

"मोजले नाई साहेब. परात होती."

अय्युब आनंदानं बाहेर आला तर गाडीच्या चाकाला साखळी आणि काचेवर पाचशेच्या दंडाची पावती.

"पेशंट मरून राहिला होता ना भाऊ!" तो रखवालदाराला म्हणाला.

"मरनाऱ्याची गाडी दारापुढे लागते. तुमी त सावली शोधली. म्हंजे काई घाई नवती."

शेवटी तोड निघाली. येताना प्रकृती गंभीर होती, असं पेशंटनं लिहून दिलं तर दंड माफ. अय्युब फॉर्म घेऊन खाटेपाशी गेला. पण खाटेवरचा जानराव आता धडधाकट होता आणि मोर्शीजवळचं बोलणं आठवून त्याला घाम फुटला होता.

"सुभद्रा, त्याले सांग, मले काई झालंच नवतं. गॅस होता."

"वहिनी, त्याले विचारा, मंग गाडीत कडीचं काहून बोलला?"

"गॅसमधे मानूस काईबी बडबडते म्हना."

अय्युबला पाचशे रुपयांचं काही नव्हतं, कलमांचंही नव्हतं. या दोन महिन्यांत त्याला चहा गोड लागला नव्हता. मरणाच्या भीतीनं का होईना, परत मिळालेला दोस्त गॅसबरोबर उडून जाताना पाहून त्याला रडूच यायला लागलं. तो खाटेच्या कडेला बसला.

"मीच सांगतो आता. त्या राती तुह्या मागून मी निंघालो. कडी उघडी दिसली मले. गाडीवरून उतराचा आळस केला. म्हटलं, तू लावशीन."

जानराव ताडकन उठून बसला. "म्हंजे तुले मालूम होतं?"

"म्हंजे दोन महिने मी या दोघायचं टपाल फुकट वाहून राहिली होती!" सुभद्राबाईंनी फॉर्म नवऱ्याच्या मांडीवर आपटला. "करा सही!"

दंडाच्या खिडकीतल्या बाईंनी सही केलेला फॉर्म वाचला. "आणणाऱ्याचं नातं लिहिलं नाही."

"भाऊ," जानराव म्हणाला.

"आडनाव वेगळं आहे."

"बाई, दोन महिने अबोला हाय आमचा. असा अबोला भावाशिवाय कोनासंग धरते मानूस?"

बाईंनी शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर दोघं इतकं बोलले, की सुभद्राबाईंना मध्ये बसून झोप लागेना. दिवस मावळता मावळता गाडी शिवारात पोचली.

फाटक सताड उघडं होतं. सकाळी ज्या घाईत गाडी निघाली, त्या घाईत ते तसंच राहिलं होतं. आत दोन म्हशी जानरावच्या नव्या कलमांत निवांत उभ्या होत्या. एकीच्या तोंडातून शेवटचा शेंडा लोंबत होता.

अय्युबनं हळूच जानरावकडे पाहिलं. सुभद्राबाईंनी तर पुन्हा टपाल वाहायची मनाची तयारीच केली.

जानरावनं लांब श्वास घेतला.

"इमर्जन्सी होती," तो म्हणाला आणि काठी शोधायला खाली उतरला.