पहिल्या रक्ताचा मान

“मग मामाजी, पहिलं रक्त कोणाचं घेऊन राह्यले?” असं जवाईबापू आदेशरावांनी अगदी सहज विचारलं आणि बंडूजी सावध झाले. जावई सहज म्हणून काहीच विचारत नसतो, हे मोठ्या मुलीच्या लग्नापासून त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

सेलूला बसस्टँडच्या मागे, राहत्या घराच्याच समोरच्या खोलीत बंडूजींची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. इतकी वर्षं काचेच्या नळ्यांत थेंब थेंब औषध टाकून, रंग बघून काम चाललं होतं. काल संध्याकाळी नागपूरहून ट्रकमध्ये बसून नवं मशीन आलं. नळी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. मशीनच रक्त ओढणार, मशीनच औषध मिसळणार, आणि साखर-चरबी-किडनी सगळं छापून हातात देणार. कंपनीचा इंजिनियर अंकित यानं ते रात्रीच जोडून, तपासून, बरोबर चालतंय म्हणून सांगितलं. एवढ्यावर दुकान उघडायचं की नाही? पण बंडूजींना आनंद झाला की त्यांना पाहुणे बोलवायची हुक्की येते. त्यांनी उद्घाटन ठेवलं.

हिंगणघाटहून जवाईबापू आले. कारंज्याहून प्रभाकरराव आले. हे प्रभाकरराव म्हणजे होणारे व्याही. धाकट्या पौर्णिमेचं त्यांच्या प्रफुल्लशी जमलं होतं आणि रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. दोघांनाही बंडूजींनी फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं, “उपाशीपोटीच येजा बरं, पहिली तपासणी तुमचीच करून टाकतो.” दोघांनाही वेगवेगळं सांगितलं होतं, पण वाक्य एकच होतं. घोळ तिथेच झाला.

फीत कापतानाच त्याची चुणूक मिळाली. कात्री जवाईबापूंच्या हातात द्यावी तर व्याही छताकडे बघायला लागले. व्याह्यांच्या हातात द्यावी तर जवाईबापूंना अचानक महत्त्वाचा फोन आला. शेवटी बंडूजींच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, शिवणकामाची दुसरी कात्री आणली, दोघांनी दोन ठिकाणी फीत कापली, आणि मधला तुकडा बंडूजींच्या डोक्यावर पडला. फोटो छान आला.

इकडे बंडूजींच्या मातोश्री, मनकर्णाबाई, वेगळ्याच कारणानं फुगल्या होत्या. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं, आणि उन्हातून आलेला माणूस ग्लुकोजचं पाणी घेतल्याशिवाय या घरात बसलेला नाही, असा त्यांचा नियम होता. पोस्टमन सुटला नव्हता, मीटरवाला सुटला नव्हता. त्या भला मोठा जग भरून बाहेर आल्या.

“घ्या जी, थंड हाये.”

“नाई आजी, रक्त द्यायचं हाये. उपाशी राहा लागते,” आदेशराव म्हणाले.

“आमालेही चालत नाई,” प्रभाकरराव म्हणाले.

म्हातारी अंकितकडे वळली. त्यानं आपली बाटली दाखवली. “आजी, मैं अपना पानी साथ रखता हूँ.”

“तीन माणसं उन्हातून आले आन् तिन्ही कोरडे!” मनकर्णाबाई कडाडल्या. “लोकं काय म्हणतीन मले? आन् ह्या मशीनच्या पोटात नळी कायची चालली रे?”

“पानी की है, आजी. वो भी पीता है. दिनभर पीता है.” अंकितनं टेबलाखालचा पांढरा कॅन दाखवला.

“नुसतं पाणी?”

“नुसतं. एकदम शुद्ध.”

“नागपूरवरून आलं थे. ट्रकमंधी. उन्हाचं,” मनकर्णाबाई स्वतःशीच पुटपुटल्या. पण तेवढ्यात आदेशरावांनी तो पहिल्या रक्ताचा प्रश्न टाकला आणि म्हातारीकडे बघायला कोणाला वेळच उरला नाही.

“पहिलं म्हंजे... तसं दोघायचंही पहिलंच,” बंडूजी म्हणाले.

“एका वेळी एकच नळी जाते ना आत?”

“हाव, जाते तर एकच.”

“मंग?” आदेशराव म्हणाले.

“द्या ना त्यायले मान, द्या,” प्रभाकरराव म्हणाले. “आमी काय, आमी तर अजून बाहेरचेच. साक्षगंध व्हायचं हाये.”

हे बोलणं वरून मऊ होतं, पण आतली गाठ बंडूजींच्या लगेच लक्षात आली. समोर व्याही, बाजूला जावई, कोपऱ्यात सुई घेऊन उभी असलेली पौर्णिमा. ती बापाच्याच लॅबमध्ये काम करायची, त्यामुळे स्वतःच्या होणाऱ्या सासऱ्याच्या दंडात सुई टोचायची वेळ तिच्यावर आली होती. तिच्याकडे बघून बंडूजींचं काळीज हललं. पोरीनं प्रफुल्लला मनापासून पसंत केलं होतं, आणि इथे रक्ताच्या थेंबावरून सगळं फिसकटायची वेळ आली होती.

“एकाच नळीत घ्या ना जी दोघायचं,” सुलोचनाबाई दारातून म्हणाल्या. त्या पोह्यांवर ओतायची झणझणीत तर्री करत होत्या आणि त्यांना ती गॅसवर ठेवून आलेल्या बाईची घाई होती. “म्हंजे कोणी मागं नाई न् कोणी पुढं नाई.”

“आई, असं नसते करत!” पौर्णिमा म्हणाली.

नसतेच करत. बंडूजींना हे तिच्याहून जास्त ठाऊक होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाचा थेंब दुसऱ्यात मिसळू दिला नव्हता. पण घरात जावई आणि व्याही एकाच वेळी रुसायला टेकले की माणसाचं शिक्षण कुठं जातं कोण जाणे! ते म्हणाले, “आजच्या दिवस घे, बाई.”

दोघांचं रक्त एका नळीत गेलं. दोघांनीही वाकून, आपलं दुसऱ्यापेक्षा कमी तर पडलं नाही ना, ते पाहून घेतलं. नळी गोठायला ठेवली, गरगर फिरवली आणि वरचं पिवळं पाणी निघेपर्यंत मंडळींनी तर्री-पोहे हाणले. आदेशरावांना ठसका लागला.

“आजी, आता आना तुमचं ग्लुकोज,” ते म्हणाले.

“संपलं,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

मशीननं नळी गिळली. आतला हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली वाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कागद सरसर बाहेर आला, बंडूजींनी तो मोठ्या ऐटीत उचलला, आणि त्यांचा चेहरा पडला.

“काय म्हणते?” प्रभाकररावांनी विचारलं.

“साखर... जरा... चारशे ब्याऐंशी.”

मग दोन्ही पाहुण्यांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

“आमच्या घरात पणज्यापासून कोणाले शुगर नाई,” प्रभाकरराव म्हणाले.

“म्हंजे आमच्या घरात हाये?”

“मी कोणाचं नाव घेतलं का?”

“खोलीत रक्त दोघायचंच हाये ना! आपलं नाई म्हटलं म्हंजे उरलं कोणाचं?”

“अर्धी अर्धी वाटून घ्या ना जी,” सुलोचनाबाईंनी तडजोड सुचवली.

“थे काय वांगे हायेत?” बंडूजी ओरडले. बायकोवर ओरडायची त्यांची हिंमत सहसा होत नसे, यावरून प्रसंग ओळखावा.

आदेशराव मोबाइलवर हिशोब करायला लागले होते. “माही समजा शंभर धरली. नॉर्मल. त व्याह्यायची होते आठशे चौसष्ट.”

“आठशे चौसष्ट!” प्रभाकरराव उभेच राहिले. “आठशे चौसष्टवाला माणूस कारंज्यावरून सोता गाडी चालवत येते का? अन् पोहे दोनदा घेते का?”

“दोनदा घेतले म्हणूनच म्हनून राह्यलो.”

झालं. प्रभाकररावांनी चपला शोधायला सुरुवात केली. “बंडूजी, जिथं रक्ताचा मान राहत नाई, तिथं पोरगा द्यायचा म्हंजे इचार करा लागन. साक्षगंधाचं मंग पाहू.”

पौर्णिमेनं हातातला कापूस खाली टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बंडूजींना रडूच कोसळायचं बाकी होतं. ते दारात आडवे झाले. “बसा, बसा, हात जोडतो! दोघायचं वेगवेगळं करून घेऊ. पाच मिनिटाचं काम. कोणाचं आधी घेऊ?”

आणि मघाशी पहिल्या मानासाठी मान उंचावणाऱ्या त्या दोन माणसांनी आपापल्या बाह्या एकदम खाली ओढल्या.

“व्याह्यायचं घ्या. थे वडीलधारे हायेत,” आदेशराव म्हणाले.

“छे छे. जवाईबापूचा मान पहिला. रीत म्हंजे रीत.”

“नाई, तुमीच.”

“तुमच्या आधी आमी? बरं दिसते का?”

“मशीनच खराब असन!” बंडूजी शेवटी म्हणाले. पण हे अंकितच्या वर्मी लागलं.

“मशीन खराब? रात को मैंने खुद चेक किया है! लो, मेरा खून लो!” त्यानं बाही वर केली. पुन्हा नळी गोठली, फिरली, आत गेली. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. कागद आला. साखर तीनशे सत्त्याऐंशी. अंकित खुर्चीवर बसला. “मेरी तो अभी शादी भी नहीं हुई,” तो एवढंच म्हणाला, आणि त्यानं आईला फोन लावला.

आता मात्र प्रभाकरराव आणि आदेशराव जरा जवळ सरकले. तीन माणसांना एकाच दिवशी एवढी साखर! बंडूजींचं डोकं चालेना. हताश होऊन त्यांनी इंजेक्शनच्या पाण्याची सीलबंद कुपी फोडली, ते पाणी नळीत घातलं आणि नळी मशीनमध्ये ठेवली. शुद्ध पाणी. त्यात काही म्हणजे काहीच नसतं.

मशीननं सांगितलं, साखर दोनशे एक्क्याण्णव.

“अगा माय, पाण्यालेही शुगर!” सुलोचनाबाई म्हणाल्या. “त्याच्या घरात कोणाले होती का, थेही पाहून घ्या.”

त्याच वेळी मनकर्णाबाई हातात जग घेऊन आतून आल्या. त्या कोणाकडेही न बघता थेट टेबलाखाली वाकल्या आणि त्यांनी पांढऱ्या कॅनचं झाकण फिरवलं.

“माय, काय करून राह्यली?” बंडूजी किंचाळले.

“काय करून राह्यली म्हंजे? सकाळचं संपलं असन त्याचं. डबा नवा आनाले लावला, मंग बनवलं.”

“सकाळचं काय?”

“ग्लुकोजचं पाणी, आनखी काय? तुमी तर कोणी तोंड लावलं नाई. एवढं बनवलेलं फेकू का? थे बिचारं ट्रकमंधी उन्हातान्हाचं आलं, पाहुणाच हाये ना थो! त्याले कोरडं पाणी पाजता? मी अख्खा जग ओतला त्याच्या कॅनात. घटाघटा पेलं.”

मग आधी पौर्णिमेला हसू फुटलं, मग सुलोचनाबाईंना, आणि अंकित फोनमध्ये ओरडला, “मम्मी, रोना बंद करो, मुझे कुछ नहीं हुआ, मशीन को पिलाया था!” व्याह्यांनी आणि जवाईबापूंनी एकमेकांना मिठी मारली. हातात घेतलेल्या चपला प्रभाकररावांनी पुन्हा दाराबाहेर ठेवल्या.

दुपारभर अंकित मशीनची नळी न् नळी धूत बसला. संध्याकाळी पाण्याची साखर शून्य आली आणि बंडूजींनी मोकळा श्वास घेतला. ते हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तर मागोमाग प्रभाकरराव.

“बंडूजी, माह्यं वेगळं पाहून घेजा. हळूच. कारंज्याले हायवेवर एक ढाबा हाये, रबडी लय चांगली भेटते. सकाळी चारशे ब्याऐंशी आयकलं न् मले वाटलं, झालं, थे माहीच! म्हणून एवढं बोललो. घरी सांगू नोका.”

ते आत गेले तोच आदेशराव आले. त्यांनी आधी चारी बाजूंना पाहिलं.

“मामाजी, मले पक्कं वाटलं होतं का थे माही हाये. म्हणून हिशोब मांडून राह्यलो होतो. एकडाव पाहून घेजा. तुमच्या पोरीले सांगू नोका, थे माह्या डब्यात पहिलेच कारलं देते.”

बंडूजींनी दोघांचं रक्त दोन नळ्यांत घेतलं, आणि पहिली कोणती ठेवली ते कोणालाही सांगितलं नाही. मशीन आता एकदम खरं बोलत होतं. पोह्यांचं वजा धरलं तरी दोघांचीही साखर चांगलीच वर होती. बंडूजींनी दोघांना दोन घड्या घातलेले कागद दिले, डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि तोंड शिवून घेतलं.

रविवारी साक्षगंध थाटात झालं. आणि काय आश्चर्य, मानपानाचा एक शब्द निघाला नाही! जिलेबी आली, तशी प्रभाकररावांनी ती आदेशरावांकडे सरकवली. “पहिला मान जवाईबापूचा.” आदेशरावांनी हात जोडले. “व्याह्यायच्या आधी? शोभन का मले?” ताट दोघांमध्ये तीनदा फिरलं आणि जसंच्या तसं परत गेलं. पाहुण्यांत कौतुक झालं, की माणसं असावीत तर अशी. प्रफुल्लच्या शेजारी बसलेली पौर्णिमा बापाकडे बघून ओठ दाबत होती, आणि बंडूजी छताकडे बघत होते.

मनकर्णाबाई जग घेऊन फिरत त्या दोघांपाशी आल्या. “घ्या आता. आज त काई रक्त द्यायचं नाई ना?”

“नाई आजी, नोको,” दोघंही एकदम म्हणाले.

म्हातारीनं जग खाली आपटला. मग बंडूजींकडे वळून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ह्यायच्यापेक्षा थे मशीन बरं रे बंडू. दिलं थे मुकाट पेलं, न् पोटात होतं थे सांगून टाकलं.”